उलटे आटे, सुलटी अक्कल

आधीच सांगून टाकते, गाड्यांतलं मला काडीचंही कळत नव्हतं. भूतकाळ मुद्दाम वापरला आहे. आता काडीभर कळतं. आणि ही काडी मला मिळाली भंडारदऱ्याला, तळ्याकाठी, ऐन मे महिन्यात, संध्याकाळी पाचच्या सुमारास, डाव्या पायापासून दोन बोटांवर.

थांबा, नीट सांगते.

आमच्या घरी एक जीप आहे. म्हणजे मॉलच्या पार्किंगमध्ये दिसतात ती चकाचक ऑटोमॅटिक नाही. अस्सल १९७४ची महिंद्रा, सीजे-३बी मॉडेल, उंच बॉनेटवाली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्याच घराण्यातली ही आमची म्हातारी. बाबांनी ती एका सरकारी लिलावात घेतली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आई अजून म्हणते, ‘यांचं पहिलं लग्न जीपशी झालंय.’

आता बाबा सत्तरीला आलेत. गुडघे कुरकुरतात. जीपने वयाची पन्नाशी ओलांडली आणि घरात नवा विषय सुरू झाला. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल, मूळ रूपात राखलेली असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार. ऐकायला एकदम कूल! पण मेख अशी, की असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, देखभाल, बस्स.

बाबा म्हणाले, ‘घेऊन टाकू. तुम्हा पोरांना ती सांभाळणं जमायचं नाही. निदान दिमाखात उभी तरी राहील.’

मला हे लागलं. खरंच लागलं. कारण ‘उभी राहील’ म्हणजे काय ते मला कळत होतं. त्यात गाडीपेक्षा त्यांचंच काहीतरी होतं.

‘मी चालवीन,’ मी म्हटलं.

‘चालवशील गं. पंक्चर झाली तर?’

‘बाबा, यूट्यूब आहे!’

ते फक्त हसले. मग चावी दिली. एका वीकेंडपुरती.

चलो भंडारदरा

तर मे महिन्याचा शेवटचा आठवडा, काजव्यांचा सीझन. मी, माझी रूममेट, दोन सॅक, एक जीप. समृद्धीचा मोह टाळून जुन्या रस्त्याने कसारा घाट, इगतपुरी, घोटीला वळण, मग बारीगाव. डावीकडे की उजवीकडे यावर आमचं भांडण होईपर्यंत समोर कळसूबाई उभीच. १६४६ मीटर, महाराष्ट्राची सगळ्यात उंच व्यक्ती. ताशी पन्नासच्या स्पीडने गेलं की डोंगर नीट दिसतात, हा जीपचा पहिला फायदा. दुसरा शोधतेय.

शेंडीला चहा झाला. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण लांबून बघितलं. अंब्रेला फॉल अर्थातच कोरडा, तो पावसाळ्यातच भेटतो. मग आर्थर लेकच्या कडेने घाटघरच्या रस्त्याला लागलो. उडदावण्याच्या अलीकडे जीप एकदम डावीकडे ओढायला लागली. उतरून बघते तर मागचं डावं चाक पार बसलेलं.

‘टेन्शन नॉट,’ मी रूममेटला म्हणाले. ही माझी पहिली चूक. पुढच्या क्रमाने सांगते.

चुका, क्रमवार

जिथे कळलं तिथेच गाडी थांबवली. रस्ता किंचित उताराचा, कडेची माती भुसभुशीत. शंभर पावलं पुढे छान सपाट, टणक जागा होती. पण मला टायरची काळजी! (टायर मेला तर मेला, हे शहाणपण नंतरचं.)

हँडब्रेक खच्चून ओढला आणि वाटलं, झालं. चाकांना दगड लावायचं डोक्यातही आलं नाही.

मग पाना घेतला आणि नट ‘सैल’ करायला लागले. सैल कसं करतात? घड्याळाच्या उलट दिशेने. शाळेपासून पाठ आहे. नट हलेना. जोर लावला, हलेना. रूममेटने पाण्याची बाटली ओतली. (का? तिलाही माहीत नाही.) शेवटी मी पान्याच्या दांड्यावर उभी राहिले आणि दोन उड्या मारल्या.

कट्ट!

मला वाटलं सुटला. सुटला नव्हता. पाचपैकी एक स्टड मुळापासून तुटून नटासकट खाली पडला होता.

आता माणूस थांबेल की नाही? मी नाही थांबले. चाक हवेत असलं की सोपं जाईल, असं काहीतरी डोक्यात आलं. जॅक लावला, चाक उचललं आणि पुन्हा पाना मारला. चाक गर्रकन फिरलं. आणि त्याच्याबरोबर जीप, हँडब्रेक लावलेली जीप, हातभर मागे सरकली! जॅक कलंडला. धप्प. जीप चाकावर आदळली आणि जॅकचा लोखंडी पाया माझ्या सँडलला घासून गेला.

डावा पाय, दोन बोटं. सुरुवातीला म्हटलं ते हेच.

आम्ही दोघी एक मिनिट काही बोललो नाही. चाक अजून काढलेलं नव्हतं म्हणून नुसतं धप्प झालं. ते काढलेलं असतं आणि माझा हात आत असता तर? हा कॉलम कोणी दुसऱ्याने लिहिला असता, आणि तो इतका चटपटीत नसता.

मामा आले

तेवढ्यात एक गृहस्थ मोटरसायकल थांबवून उतरले. साठीपलीकडचे, डोक्यावर टोपी, हॅंडलला दुधाची किटली. आधी त्यांनी आम्हाला बघितलं नाही, जीपला बघितलं. बॉनेटवर हात ठेवला, जसा कोणी जुन्या बैलावर ठेवेल.

‘कोणती साल?’

‘चौऱ्याहत्तर.’

‘आमच्या सायबाची अशीच व्हती. पाटबंधाऱ्याला ड्रायव्हर व्हतो मी.’ मग तुटलेला स्टड उचलला, निरखला आणि मला म्हणाले, ‘ताई, उलट्या आट्याचं हाय हे. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत व्हता.’

नखाने त्यांनी उरलेल्या स्टडच्या टोकावरचा चिखल खरवडला. आत बारीक कोरलेलं इंग्रजी अक्षर दिसलं. एल. एल म्हणजे लेफ्ट.

मंडळी, हा सॉलिड फंडा आहे, लक्ष देऊन वाचा. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपगाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. उजवीकडचे नट नेहमीसारखे सुटतात. डावीकडचे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले तर सुटतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत, अशी त्या काळच्या इंजिनिअर लोकांची कल्पना. अमेरिकेतल्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथ गाड्यांनाही सत्तरच्या सुमारापर्यंत हीच पद्धत होती. आणि यातल्या डॉज-प्लिमथ आपल्याकडे परक्या नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला पद्मिनीच्या कितीतरी आधी त्याच जोडल्या होत्या.

गंमत पुढे आहे. एमजीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तारांची चाकं बघितलीत? मधे एकच मोठा कानवाला नट, तो मऊ तांब्याच्या किंवा कातडी हातोड्याने ठोकून काढतात. तिथे बरोबर उलटं! डावीकडे साधे आटे, उजवीकडे उलटे. म्हणजे एका गाडीवर शिकलेला नियम दुसऱ्या गाडीवर घेऊन गेलात की संपलंच. तिथे नटावरच बाण आणि ‘अनडू’ असं लिहिलेलं सापडतं. ठोकण्याआधी वाचायचं. आणि डावीकडचा नट उजवीकडे बसवायचा विचारही करायचा नाही.

हँडब्रेकचं गुपित

‘पण हँडब्रेक लावला होता की!’ मी म्हटलं. आवाज जरा रडवेला असावा, कारण मामांनी आधी किटलीतलं दूध कुठेतरी सावलीत ठेवलं आणि मग माझ्या शेजारी उकिडवे बसले.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक थेट मागच्या दोन चाकांना धरतो. जुन्या जीपचा चाकांना धरतच नाही. तो गिअरबॉक्समागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. दोन्ही चाकं जमिनीवर आहेत तोवर ठीक. पण मधे डिफरन्शियल नावाचा प्राणी बसलेला असतो. शाफ्ट धरून ठेवला तरी एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं. एक चाक उचललं की ते झालं मोकळं. ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. मी पान्याने उचललेलं चाक फिरवलं, म्हणजे खरं तर मी स्वतःच जीप ढकलत होते!

गिअरमध्ये ठेवली असती तर? तरीही तेच, कारण गिअरही त्याच शाफ्टमार्गे धरतो. उपाय दोन. एक, फोर व्हील टाकायचं, म्हणजे पुढचा शाफ्टही अडकतो आणि जमिनीवरची पुढची चाकं गाडी धरून ठेवतात. पुढच्या हबला लॉक असतील तर तेही लावायचे. दोन, आणि हा पहिल्याहून मोठा: दगड. साधे, फुकटचे, सह्याद्रीत मुबलक मिळणारे दगड. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून.

मग मामांनी चाक बदललं का? नाही! तेच तर. ते बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, ‘आता तुम्ही करा. पुन्यांदा एकट्या असाल.’

असं बदलतात चाक

जीप हळूच पुढच्या सपाट जागेवर नेली. फोर व्हील, पहिला गिअर, हँडब्रेक, इंजिन बंद. मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण. त्रिकोण नव्हता, म्हणून रूममेटची लाल ओढणी फांदीला बांधली. तीन चाकांना दगड.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. योग्य दिशेने हो! जे नट माझ्या उड्यांना दाद देत नव्हते ते एका दाबात कुरकुरत सुटले. चार नट, चार कुरकुरी. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

जॅकखाली फळी. जॅक अॅक्सलच्या खाली, पाट्यांच्या स्प्रिंगजवळ. (फियाट पद्मिनीसारख्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, तिथे जॅकची जागा बॉडीलाच असते आणि जुन्या गाडीत नेमकी तीच गंजते. जॅक वर जातो, गाडी तिथेच राहते! आधी ठोकून बघा.) चाक जमिनीवरून सुटेल इतकंच वर.

आणि आता मामांची खास टीप. पंक्चर चाक काढण्याआधी स्टेपनी आडवी करून गाडीखाली, अॅक्सलच्या बाजूला सरकवून ठेवायची. जॅक सटकला तर गाडी स्टेपनीवर बसेल, तुमच्यावर नाही. चाक निघालं की अदलाबदल: पंक्चरवालं खाली, स्टेपनी हातात. सरकवताना बाहेरून धरायचं, आत हात-डोकं घालायचं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. घरी गॅरेजमध्ये काम करायचं तर लोखंडी स्टँड लावायचेच.

चाक चिकटून बसलं असेल तर? नट दोन-तीन आटे धरून ठेवायचे, म्हणजे चाक अंगावर येणार नाही, आणि टायरला बाजूने लाथ मारायची. या भागात मी फारच निष्णात निघाले.

बसवताना: हब आणि चाक जिथे टेकतात तिथली माती, गंज पुसून काढा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. तिथे ग्रीस-ऑइल नको. सगळे नट आधी हाताने, बोटांनी तीन-चार आटे तरी. अडलं तर मागे घ्या, पुन्हा सुरू करा. पान्याने दामटलेला पहिला आटा म्हणजे बाद झालेला स्टड. मग चांदणी काढतो तसं, एक सोडून पलीकडचा, थोडं-थोडं. हवेत बेताचं, चाक टेकल्यावर पूर्ण. हाताच्या जोराने. उड्या बंद! पंक्चरवाल्याकडे मशिनने आवळून घेतले असतील तर घरी सैल करून, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला पुन्हा आवळा. आणि पन्नास किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली. चार नटांवर वीसच्या स्पीडने आम्ही शेंडीला परत आलो. मामा आमच्या मागे मोटरसायकलवर, अगदी शेवटपर्यंत. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, बिनसाखरेचा.

स्टेपनी नावाची गोष्ट

चहावर मी मोबाईलवर शोधलं, आपण ‘स्टेपनी’ का म्हणतो? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच! १९०४च्या सुमाराला वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक बनवलं. त्यांचं काम स्टेपनी स्ट्रीटवर. झालं, गल्लीचं नाव चाकाला लागलं. साहेब केव्हाच विसरला, आपण अजून धरून बसलोय. मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘असंल. पन हवा बघितली व्हती का निघताना त्यात?’

नव्हती बघितली. नशीब की होती.

फोन

रात्री काजवे बघितले. हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर, हजारोंनी, एका लयीत विझत-पेटत. हेडलाइट, मोबाईलची बॅटरी, सगळं बंद ठेवायचं. उजेडाने ते बिचकतात. त्या अंधारात बसून बाबांना फोन केला.

आधी काजवे सांगितले. मग स्टड सांगितला. पायाचं सांगणार नव्हते, पण सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

‘डावीकडचे आटे उलटे असतात, हे मी तुला सांगितलं नव्हतं?’

‘नाही, बाबा.’

‘हँडब्रेकचं?’

‘नाही.’

पुन्हा काही नाही. मग म्हणाले, ‘इतकी वर्षं हातच करतो गं सगळं. सांगायचं असतं, हे लक्षातच नाही आलं.’

मला वाटलं होतं ते म्हणतील, बघ, म्हटलं होतं ना, जमायचं नाही. ते म्हणालेच नाहीत. त्यापेक्षा हे ऐकणं जड गेलं. मामा त्या रस्त्याने आले म्हणून मला कळलं. आले नसते तर पन्नास वर्षांचं शहाणपण घरात, खुर्चीत बसून होतं, आणि मी पान्यावर उड्या मारत होते.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्लास झाला. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी जमिनीवर. नवा स्टड गॅरेजमधून बसवून आणला होता. चारही चाकं काढली, चारही बसवली. बाबा बोलत होते, मी वहीत लिहीत होते. डाव्या हबवर लाल रंगाने बाण काढले. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचले: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आमच्या पंक्चर टायरवर लिहिलं होतं २३११. म्हणजे २०११चा तेविसावा आठवडा! नक्षी नव्यासारखी, रबर आजोबा. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. पाचही बदलले. माझ्या दोन महिन्यांच्या फ्रीलान्सिंगला रामराम!

व्हिंटेज नंबरचा अर्ज अजून टेबलावर आहे. कोरा. बाबांनी तो भरला नाही आणि फाडलाही नाही. चावी मात्र आता त्यांच्या शर्टाच्या खिशात नसते. दाराजवळच्या खिळ्याला असते, माझा हात पोचेल अशा उंचीवर.

तुमच्याही घरी कुणाची तरी एखादी जुनी गाडी असेल. स्कूटर असेल, शिलाई मशीन असेल. या रविवारी शेजारी बसा आणि विचारा. ‘यात उलटं काय आहे?’

सगळ्यात उलटं असतं तेच सांगायचं राहून गेलेलं असतं, बॉस.